लोकहिताची उमेदवारी

(नळदुर्ग येथे पक्षकार्यकर्ते व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘उमेदवारी’ हा शब्द अलीकडे निवडणुकीच्या हंगामातच कानी पडतो. अर्ज भरण्याची मुदत जवळ आली की पक्षकार्यालयांच्या पायऱ्यांवर तो घुमू लागतो आणि निकाल लागला की विरून जातो. वस्तुतः या शब्दाचा जुना अर्थ निराळा आहे. वकिलाच्या हाताखाली, सोनाराच्या दुकानात किंवा मामलेदार कचेरीतील कारकुनाजवळ काम शिकण्यासाठी राहणारा तरुण उमेदवार म्हणून ओळखला जाई. त्याला पगार नसे. असलाच तर नावापुरता. आज ना उद्या जागा मिळेल या उमेदीवर तो पाणी भरण्यापासून दस्तऐवजांच्या नकला करण्यापर्यंत पडेल ते काम करी. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी निश्चित होती त्यालाच अशी उमेदवारी परवडे. बाकीच्यांची मुले गुरांमागे जात.

ही जुनी उमेदवारी आता नव्या नावाने परत आली आहे. महाविद्यालयांत तिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात, शासकीय मराठीत ‘आंतरवासिता’. हा शब्द पूर्वी डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांपुरता होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मात्र कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प किंवा समाजसंपर्काचे काम करून श्रेयांक मिळवावे लागतात. नळदुर्गच्या महाविद्यालयातील मुलामुलींनी हे श्रेयांक कोठे मिळवावेत? कोणी पतसंस्थेत जाईल, कोणी औषधाच्या दुकानात, कोणी सोलापूरच्या एखाद्या कारखान्यात. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या संस्था व संघटना सामान्य माणसाची कैफियत सरकारदरबारी मांडतात, त्यांच्याकडे या गावचा विद्यार्थी उमेदवारीसाठी जाऊ शकतो काय, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

सरकार कोणाच्या उमेदवारीचे पैसे भरते?

केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. देशातील पाचशे बड्या कंपन्यांत एक वर्षाची उमेदवारी आणि दरमहा पाच हजार रुपये, असे तिचे मूळ स्वरूप होते. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविका घेतलेल्यास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन त्या योजनेने ठरविले. मुदत संपल्यावर या तरुणांचे पुढे काय, हा प्रश्न दोन्ही योजनांना लागू पडतो व तो अन्यत्र विचारला गेलाही आहे.

येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, कंपनीत किंवा सरकारी कचेरीत उमेदवारी करणाऱ्या तरुणाच्या खिशात काही ना काही पडावे ही गोष्ट शासनाने मान्य केली आहे. याउलट, त्या कंपनीने नदीत सोडलेल्या पाण्याबद्दल किंवा त्या कचेरीने दाबून ठेवलेल्या यादीबद्दल जाब विचारणाऱ्या संस्थेत जो तरुण जाईल, त्याने बहुधा पदरचे खावे अशी रीत आहे. पुणे, मुंबई, दिल्ली येथील अशा अनेक संस्थांकडे विद्यार्थी येतात. परंतु शहरात खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे भरण्याची ज्यांच्या पालकांची ऐपत आहे, तेच बहुतांशी येतात. लोकांच्या हक्कांची बाजू मांडण्याचे शिक्षण अशा रीतीने ज्यांचे हक्क क्वचितच बुडतात त्यांच्या वाट्याला जाते. ज्यांचे रोज बुडतात ते पतसंस्थेच्या काउंटरवर चलने भरीत बसतात.

दानधर्म आणि कैफियत

लोकहिताची बाजू मांडणे म्हणजे नेमके काय, याविषयी चळवळीतही पुष्कळ वेळा घोटाळा होतो. गावात पाणी नाही म्हणून टँकर पाठविणे हे पुण्याचे काम आहे. पण नळयोजनेवर खर्च पडला, विहीर खोदली गेली, जलवाहिनी टाकल्याची नोंद झाली आणि तरीही टँकर का लागतो, हे कागद काढून विचारणे हे निराळे काम आहे. पहिल्या कामाने तहान भागते व उपकार मागे राहतो. दुसऱ्यात उपकार नाही, हक्काची वसुली आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : बिनचूक नोंद, नेमकी मागणी आणि न कंटाळता केलेला पाठपुरावा. या तिन्हींत तरुण विद्यार्थ्यांचा उपयोग किती मोठा असतो, याचा अनुभव महाराष्ट्राने अनेकदा घेतला आहे.

१९७२ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्याबरोबर काम करण्यासाठी शहरांतून शिकलेले तरुण गेले. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न तेथे पेटला होता. घोषणा तर हव्याच होत्या, पण कोणती जमीन कोणाच्या नावावर होती, ती कधी व कशी फिरली, हे सांगणारा कागदही हवा होता. सातबारा वाचता येणारा माणूस आणि ती जमीन कसणारा माणूस एका ठिकाणी बसले, तेव्हा अन्यायाला गट क्रमांक मिळाला. १९७४ साली महाराष्ट्राने अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला, त्यामागे राज्यभर साचलेला असा असंतोष व त्याचा पुरावा होता.

न्यायालयांतही हेच दिसून आले. मुंबईच्या कारागृहातील स्त्री कैद्यांच्या छळाबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. तेव्हा न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन त्या स्त्रियांशी बोलण्यास व अहवाल देण्यास सांगितले. १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी, अटकेतील व्यक्तीला कायदेशीर मदत यांविषयीचे आदेश आले. पोलिसांच्या कागदाशेजारी समाजकार्य शिकविणाऱ्या संस्थेचा कागद मांडला गेला आणि तो वाचला गेला. समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी.

भूकंपाने शिकविलेले

नळदुर्गच्या परिसराला यासाठी फार दूर पाहावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची मिरवणूक आटोपून गावे झोपली असता, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे दगामातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. देशभरातून मदतीचा ओघ लागला. कपड्यांचे ढीग इतके आले की ते ठेवायचे कोठे हा प्रश्न पडला. परंतु थोड्याच दिवसांत कळून चुकले की कपड्यांपेक्षा याद्यांची गरज मोठी आहे. कोणत्या घरात किती माणसे होती, कोण वाचले, वारस कोण, पोरकी मुले कोणाकडे आहेत, विधवेचे नाव कोठे लागले आहे, या प्रश्नांची उत्तरे गोळा करण्यास माणसे हवी होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी त्या वेळी गावोगाव फिरले. राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते आले. पन्नालाल सुराणा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले आणि भूकंपात अनाथ झालेल्या मुलांना छत्र मिळाले.

याद्यांना एवढे महत्त्व का, ते पुनर्वसनाच्या नियमांवरून दिसते. पूर्णपणे स्थलांतरित केलेल्या बावन्न गावांत नव्या घराचे आकारमान जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि सात हेक्टरांपेक्षा अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने पाटलाचा वाडा आणि मजुराचे खोपट एकाच पहाटे सपाट केले. शासनाने ती विषमता पुन्हा मोजून मापून बांधून दिली. सातबाऱ्यावर नाव असणे-नसणे यावर घराच्या भिंती किती लांब हे ठरत असेल, तर नोंद तपासणारा विद्यार्थी हा निव्वळ कारकून उरत नाही. त्या कुटुंबाची पुढची पिढी किती जागेत वाढणार, या प्रश्नात त्याचा हात असतो.

दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात आणखी एक गोष्ट घडली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातील स्त्रियांनाच ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. शासनाचा नियम गावाला समजावून सांगायचा आणि गावाची तक्रार शासनापर्यंत न्यायची, हे काम त्यांनी शेकडो गावांत केले. बाहेरून आलेला विद्यार्थी सुट्टी संपताच परत जातो. गावातली बाई राहते. ज्ञान कोठे साठवायचे, याचे उत्तर या अनुभवात आहे.

अणदूरचा धडा

नळदुर्गाजवळच्या अणदूरचे उदाहरण याहून बोलके आहे. ऐंशीच्या दशकात औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी एकत्र आले. रुग्णालयाच्या वॉर्डात दिसणारा आजार गावात कसा जन्मतो, हे पाहण्यासाठी ते खेड्यांत जाऊ लागले. ‘हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन’, म्हणजे ‘हॅलो’, हे नाव त्यांनी घेतले. त्यातूनच पुढे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभारले. त्या कामाचा कणा डॉक्टर नव्हते. खेड्यांतील, बहुतेक वेळा अल्पशिक्षित आणि गरीब घरच्या स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करण्यात आले. ताप, जुलाब, रक्तक्षय ओळखणे, प्राथमिक उपचार करणे, गरोदर बाईला वेळेत दवाखान्यात धाडणे, ही कामे त्या करू लागल्या.

विद्यार्थ्यांची उमेदवारी सफल झाली की नाही याची कसोटी येथे सापडते. विद्यार्थी काय शिकले, हा प्रश्न महाविद्यालय विचारीलच. त्यांच्या येण्याने गावात काय उरले, हा प्रश्न लोकसंघटनांनी विचारायचा आहे.

आरोग्याच्या हक्काबाबत या जिल्ह्याने आणखीही एक पाऊल पाहिले आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवण्याचा उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, नंदुरबार, पुणे व ठाणे यांच्याबरोबर उस्मानाबाद होता. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्यपातळीवर त्याचे संयोजन करीत होती. गावच्या समितीने उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे प्रगतिपुस्तक भरायचे, सेवा चांगली असल्यास हिरवा, मधली असल्यास पिवळा, वाईट असल्यास लाल रंग द्यायचा, अशी सोपी पद्धत होती. मग जनसुनवाई होई. समोर अधिकारी, आणि माइकवर बाळंतीण होताना नर्स न भेटलेली बाई. औषध बाहेरून का आणावे लागले, डॉक्टर रात्री मुक्कामाला का नसतात, याचे उत्तर सर्वांदेखत द्यावे लागे. वर्षानुवर्षे डॉक्टरांचे प्रगतिपुस्तक कोणी पाहिले नव्हते. ते गावाने भरले, ही साधी गोष्ट नव्हे.

अशा सुनावणीच्या आधी जे काम लागते ते पाहावे. औषधसाठ्याचे रजिस्टर उतरवून घेणे, बाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिणे, तारखा जुळविणे, मागच्या सुनावणीत दिलेले आश्वासन पुढच्या वेळी वाचून दाखविणे. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकते. शिवाय त्यांची भाषा त्या बाईची भाषा असते. ‘अंगावरून जातंय’ याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

सात विद्यार्थी आणि त्यांची घराणी

अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६८ च्या उन्हाळ्यात सात तरुणांना हाताशी धरले. त्यांत बहुतेक कायद्याचे विद्यार्थी होते. ग्राहकांच्या रक्षणासाठी नेमलेला केंद्रीय व्यापार आयोग प्रत्यक्षात काय करतो, याची त्यांनी कचेरीत जाऊन चौकशी केली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने आयोगाच्या सुस्तीचे वाभाडे काढले, आणि पुढे त्या आयोगाची फेररचना झाली. सात विद्यार्थ्यांनी एका सरकारी खात्याला घाम फोडला, ही गोष्ट जगभर प्रेरक ठरली. तिची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. त्या सातांपैकी एक जण माजी अध्यक्ष टाफ्ट यांचा पणतू होता. दुसरा १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांचा जावई झाला. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु उन्हाळाभर मोबदल्याचा विचार न करता सत्तेला प्रश्न विचारण्याची चैन कोणत्या घरांना परवडते, हे त्यावरून उघड होते.

नेडर यांच्याच प्रेरणेने १९७० नंतर अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे लोकहित संशोधन गट निघाले. त्यांनी त्यावर एक तोडगा काढला. विद्यार्थ्यांनी बहुमताने ठरवून फीबरोबर थोडी वर्गणी द्यायची आणि त्या पैशातून पूर्णवेळ वकील व संशोधक नेमायचे. पैसा मूठभरांकडून न घेता अनेकांकडून थोडा थोडा घ्यायचा, ही ती युक्ती होती.

भारतातही विद्यार्थ्यांचे मोठे काम झाले आहे. ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००८ साली उत्तर व मध्य भारतातील सहा राज्यांत रोजगार हमीची पाहणी झाली ती विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बळावर. मस्टरवरची हजेरी घेऊन मजुराच्या दारात जायचे आणि ‘या दिवसांत आपण कामावर होता काय?’ असे विचारायचे, ही अशा पाहण्यांची रीत. २००५ च्या कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला, त्याला या रीतीने जीव आला. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, १९७७ साली तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्रात ही परंपरा गावोगाव रुजायला हवी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. अशा संक्रमणाच्या वेळी जुन्या कामांच्या थकलेल्या मजुरीची नोंद कोणाच्या तरी वहीत असावी लागते. नाही तर जुना हिशेब आणि जुना कायदा दोन्ही एकदमच बासनात जातात.

मोबदला की वेठ?

आता आक्षेपाकडे वळावे. चळवळीतील जुने कार्यकर्ते म्हणतील की, सेवा दलाच्या शाखेवर, कलापथकात, श्रमदानाच्या शिबिरात कोणी पैसे घेतले नाहीत. विद्यावेतनाची सवय लागली की ध्येयवाद संपेल आणि नोकरीची दृष्टी येईल. या आक्षेपात तथ्यांश आहे. पैशामागे आलेला माणूस पैशामागे जातो, हे अनेक संस्थांनी पाहिले आहे. परंतु संध्याकाळी दोन तास शाखेवर येणे आणि दोन महिने सकाळपासून रात्रीपर्यंत एखाद्या संस्थेचे काम करणे यांत फरक आहे. पहिले स्वेच्छेचे दान आहे. दुसरे श्रम आहेत, आणि श्रमाचा मोबदला मागणे हा समाजवादी विचाराचा पाया आहे. वेठबिगारीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्यांनी आपल्याच कार्यालयात वेठ चालवू नये.

एक हिशेब मांडून पाहावा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ८,११२ रुपये. दोन महिन्यांचे १६,२२४. तुळजापूर तालुक्यातील एखाद्या तांड्यावरील मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने फुकट उमेदवारीला गेली, तर तिचे घर एवढ्या रकमेला मुकते. आईबाप नुकतेच ऊसतोडीहून परतलेले, उचल फिटलेली नाही, अशा घराला हा त्याग मागण्याचा अधिकार कोणत्या संस्थेला आहे? ती मुलगी येत नाही, मग संस्था म्हणते की ग्रामीण मुलींना सामाजिक कामाची आवड नाही.

पैसा आणायचा कोठून, हा खरा प्रश्न आहे. परकीय देणगीवर विसंबणाऱ्या संस्थांचे हात कसे बांधले जातात ते सर्वज्ञात आहे; सरकारी अनुदान घेऊन सरकारला जाब विचारणेही कठीण. पण महाराष्ट्राजवळ स्वतःची उदाहरणे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने घरोघरच्या मूठभर धान्यातून मुष्टिफंड उभारला आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर गरिबांची मुले शिकविली. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला व पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळण्याची सोय केली. कार्यकर्त्याने मानधन घेतल्याने त्याची निष्ठा पातळ होते, असे त्या वेळी कोणी मानले नाही. कार्यकर्त्याला जे लागू पडते ते विद्यार्थ्याला का लागू पडू नये?

काही अटी

केवळ विद्यावेतन दिल्याने भागणार नाही. उमेदवारी घेणाऱ्या लोकसंघटनांनी स्वतःवर काही अटी घालून घ्याव्यात.

पहिली अट अशी की, निदान निम्मे विद्यार्थी त्याच तालुक्यातील असावेत व त्यांत मुली असाव्यात. घराजवळचे काम असेल तर मुलीला पाठविण्यास घर तयार होते. शहरातील विद्यार्थ्यांनाही जरूर बोलवावे. पण त्यांची जोडी गावातील विद्यार्थ्याशी लावावी. एकाला इंग्रजी शासननिर्णय वाचता येतो, दुसऱ्याला गाव वाचता येते.

दुसरी अट कामाच्या स्वरूपाविषयी आहे. विद्यार्थ्यांना बॅनर बांधणे, खुर्च्या मांडणे, नेत्यांची छायाचित्रे काढणे यांतच गुंतवू नये. त्यांना कागद वाचायला शिकवावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो व तीस दिवसांत उत्तराची अपेक्षा धरता येते. शिवाय दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत जिल्हा व स्थानिक कार्यालयांतील अभिलेख पाहण्याची मुभा महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या आदेशाने नागरिकांना दिली. किती कार्यकर्त्यांनी ती कधी वापरली? एका सोमवारी दोन विद्यार्थ्यांनी कचेरीत बसून रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक उतरविले, तर वर्षभराच्या भाषणांना पुरावा मिळतो.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. विद्यार्थ्यांनी गोळा केलेली माहिती पुण्याला किंवा दिल्लीला जाण्याआधी ज्यांनी ती दिली त्यांच्यासमोर वाचली जावी. खेड्यांत ग्रामसभा आहे, तेथे वाचावी. नळदुर्ग शहराला नगरपरिषद असल्याने ग्रामसभा नाही. तेथे वॉर्डातील सभेत, मंदिर-मशिदीच्या ओट्यावर, शाळेत वाचावी. चूक असेल ती लोक तिथेच दुरुस्त करतील. आणि एक प्रत गावच्या वाचनालयात राहावी. लोकांची दुःखे गोळा करून बाहेर नेणारे आणि परत काहीच न आणणारे पाहणीदार गावांनी पुष्कळ पाहिले आहेत.

चौथी अट कार्यकर्त्यांना रुचेल न रुचेल. विद्यार्थ्याला संघटनेविरुद्धही लिहिण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे. रेशन दुकान आपल्या माणसाचे आहे, सरपंच आपल्या विचाराचा आहे, सहकारी सोसायटीचा अध्यक्ष मागच्या निवडणुकीत उपयोगी पडला होता, म्हणून नोंद सौम्य करण्याची सूचना जेथे होते, तेथे लोकहिताचे काम संपते आणि गटाचे सुरू होते. तरुण मुले हे फार लवकर ओळखतात. ती भांडत नाहीत. पुढच्या वर्षी येत नाहीत एवढेच.

बावन्न दिवसांची मजुरी

डॉ. राममनोहर लोहिया यांनी कार्यकर्त्यांपुढे फावडे, तुरुंग आणि मत ही तीन साधने ठेवली होती. त्यांपैकी तुरुंगाची सवय मोडली आहे आणि मताचा बाजार झाला आहे, अशी खंत बैठकांतून नेहमी व्यक्त होते. फावड्याचे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. फावडे म्हणजे रोजचे, घाम गाळणारे, नाव न होणारे रचनात्मक काम. आजच्या काळात कचेरीतील रजिस्टर उतरविणे, मजुराच्या जॉबकार्डाशी मस्टर ताडून पाहणे, विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत तलाठ्याकडे खेटे घालणे, हे फावड्याचेच काम आहे, आणि ते शिकविल्याशिवाय येत नाही. नवे कार्यकर्ते का मिळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. तरुणांना भाषणे ऐकायला बोलावले जाते. शिकण्यासारखे काम त्यांच्या हाती दिले जात नाही.

म्हणून येत्या उन्हाळ्यापुरता एक संकल्प पुरेसा आहे. प्रत्येक तालुका समितीने दोन महिन्यांसाठी एका विद्यार्थ्याची किंवा विद्यार्थिनीची उमेदवारी पत्करावी. वर मांडलेल्या हिशेबाने तिला बावन्न दिवसांची मजुरी लागते. तालुक्यातील बावन्न माणसांनी, मग ती शिक्षक असोत, शेतकरी असोत, हमाल असोत की एस.टी.चे निवृत्त वाहक, आपापली नव्हे तर मजुराची एका दिवसाची मजुरी दिली की तो प्रश्न सुटला. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटून हे काम श्रेयांकासाठी मान्य करून घ्यावे. नव्या अभ्यासक्रमात समाजसंपर्काच्या कामाला जागा आहे. विषय एकच घ्यावा. एका आरोग्य केंद्राचा औषधसाठा, एका गावाची नळयोजना, रस्तारुंदीकरणात जमीन गेलेल्या एका शिवाराचा मोबदला, यांपैकी कोणताही. दोन महिन्यांच्या शेवटी मोठा समारंभ नको. ग्रामसभेत त्या विद्यार्थिनीने उभे राहून आपली वही वाचावी, संबंधित अधिकाऱ्याला रीतसर निमंत्रण असावे, आणि त्याने काय उत्तर दिले ते तिनेच त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहून घ्यावे. तो आला नाही तर तेही लिहावे, तारीख घालून.